आगा : ठेवू की काढू?

सायसाखर | 7 ऑक्टोबर

ऑगस्टमध्ये आम्ही हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या हद्दीला लागून, एक जुनं फार्महाउस घेतलं. घराबरोबर स्वयंपाकघरातलं एक धूड पदरात पडलंय: सायीच्या रंगाचा, दोन ओव्हनचा, तेलावर चालणारा आगा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही बिडाची शेगडी आहे, जवळजवळ 400 किलोची, आणि ती बंद करायची नसते. रात्री नाही, दोन दिवस गावाला गेलो तरी नाही. वर दोन मोठे गोल तवे, त्यांवर जाड झाकणं, पुढे दोन दारं आणि एक चकचकीत दांडी. मंद-तेज करायला बटण नाही. आच कमी हवी तर भांडं उचलून दुसरीकडे ठेवायचं.

घर विकणाऱ्या आजीबाई किल्ल्या देताना छताबद्दल, विहिरीबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, हिला थंड होऊ देऊ नका.

मागच्या आठवड्यात माणूस बोलावून साफ करून घेतला आणि पेटवला. तापायलाच रात्र-दिवस गेला. त्यानंतरचा आमचा स्वयंपाक असा: गोल बुडाची कढई त्या सपाट तव्यावर डुलते, मोहरी तडतडेपर्यंत माझा धीर सुटतो. पोळ्यांचा तवा खोलगट, म्हणून तो फक्त मधोमध टेकतो. पोळीला मध्ये काळे डाग आणि कडा कच्च्या. भात एकदा लागला, एकदा बोटचेपा झाला.

नवरा म्हणतो काढून टाकू आणि इंडक्शन बसवू. गावात गॅसची पाइपलाइन नाही. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहून 'राहू दे गं, छान दिसतंय' असा कौल दिलाय, पण त्यांना तेलाचं बिल दिसत नाही. यावर रोजचा मराठी स्वयंपाक कोणी केलाय का?

दीडशहाणा | 7 ऑक्टोबर

शीर्षक वाचून वाटलं पुण्यातला आगाखान पॅलेस पाडतायत. धावत आलो.

माईणमुळा | 7 ऑक्टोबर

दीडशहाणे, बसा आता, चहा घ्या.

सायसाखर, आमच्याकडे यॉर्कशरमध्ये चार ओव्हनवाली आहे, गॅसवरची, सव्वीस वर्षं झाली. (आमच्याकडे 'ती' म्हणतात. तुमचा 'तो' का?) पहिले तीन महिने मीही रडले. चूक एकच होती, मी तिला गॅसची शेगडी समजत होते. वर भांडं ठेवायचं, समोर उभं राहायचं, ढवळायचं. तसं केलं की ती चिडते. झाकण उघडं राहिलं की साठवलेली धग भराभर उडून जाते आणि मग ओव्हनही गार पडतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर वरचे तवे म्हणजे चूल आणि खालचा ओव्हन म्हणजे वैल. आजी काय करायची? चुलीवर वरणाला एक उकळी आणायची आणि भांडं वैलावर सरकवायची. पुढचं वैलाचं काम. इथे इंग्रज बायका सांगतात की 80 टक्के स्वयंपाक आत आणि 20 टक्के वर. आपला आकडा थोडा वेगळा येतो, कारण पोळ्या आत होत नाहीत, पण दिशा तीच.

भात: डावी-उजवी बाजू आधी ओळखा. एक तवा कडक असतो तो उकळीचा, दुसरा मंद. कडक तव्यावर जाड बुडाच्या पातेल्यात भाताला चांगली उकळी आणा, घट्ट झाकण लावा आणि खालच्या ओव्हनमध्ये सरकवा. वीस मिनिटांनी काढा. विसरलात आणि चाळीस मिनिटांनी काढलात तरी तसाच मोकळा. लागणं हा प्रकार विसरून जाल.

वरण: तूरडाळ, हळद, हिंग, पाच मिनिटं खळाखळा उकळी, मग खालच्या ओव्हनमध्ये दोन तास. शिट्ट्या मोजायच्या नाहीत. हरभरे, वाटाणे रात्री ठेवले की सकाळी बोटाने चुरतात. फक्त राजमा भिजवून, पाणी बदलून, वर निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय आत ढकलू नका. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं आणि नुसत्या मंद आचेवर ते जात नाही.

लोणी कढवायला ठेवून मी दुकानात जाऊन येते. तूप रवाळ, बेरी बदामी. बासुंदीसाठी पसरट भांड्यात दूध रात्रभर, झाकण न लावता. सकाळी गुलाबीसर रंग आणि वर जाड साय. गॅसवर हे करायला तासभर उलथनं हातात धरून उभं राहावं लागतं.

पोळ्या: तुमचा तवा माळ्यावर टाका. मंद तव्याचं झाकण उघडा, पुसून घ्या आणि पोळी थेट त्या बिडावर टाका. होय, थेट. इथले लोक त्यावर अंडी आणि पॅनकेक करतात. फुलका फुगवायचा असेल तर टोस्टची जाळी कडक तव्यावर ठेवून त्यावर. आठ-दहा पोळ्यांनंतर झाकण लावून तिला दहा मिनिटं श्वास घेऊ द्या.

इडलीचं पीठ झाकणावर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. जानेवारीतही रात्रीत फुगून येतं. झाकणावर थेट ठेवाल तर तळ शिजेल, मी केलंय.

आणि ओव्हनमधला वास घरात येत नाही. तो धुराड्यातून बाहेर जातो. म्हणजे आत काही ठेवलंय हे नाक सांगणार नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावा.

डाळिंबी_उसळ | 8 ऑक्टोबर

मुळाताई, हे सगळं एका वेगळ्या धाग्यात टाका ना. 'थेट बिडावर पोळी' याचा फोटो पाहिजेच.

निखारा | 8 ऑक्टोबर

सांगलीकडचा आहे, आगा कधी पाहिलेला नाही. पण वैलाशी तुलना वाचून लिहावंसं वाटलं.

ताई, वैल फुकटचा असायचा. चुलीतला जाळ कसाही पुढे जाणारच, त्या वाटेवर दुसरं भोक ठेवलं, एवढंच. आणि चूल चोवीस तास पेटती नव्हती. आमची आजी रात्री निखारे राखेत पुरायची. सकाळी राख बाजूला सारून दोन काटक्या टाकल्या, फुंकणीने फुंकलं की झालं. कोणाकडे विझला असेल तर शेणीवर विस्तव मागायला शेजारचं पोरगं यायचं. विस्तव राखायचा, जाळ नाही. लाकूड वाचावं म्हणूनच ती युक्ती होती. चोवीस तास जळणारी वस्तू आजीला दाखवली असती तर तिने पहिल्यांदा विचारलं असतं, एवढं सरपण आणतं कोण?

बाकी डोळ्यांत धूर जात नाही ही गोष्ट मोठी आहे, ती कबूल. आजीला मोतीबिंदूच्या आधीपासून दिसत नव्हतं नीट.

अर्धवट_अभियंता | 8 ऑक्टोबर

निखाराभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. थोडी आकडेमोड करतो.

दोन ओव्हनच्या पारंपरिक गॅस आगाला आठवड्याला साधारण 425 युनिट (किलोवॉट-तास) लागतात. तेलावरचा असेल तर आठवड्याला 40 लिटरच्या आसपास केरोसीन. हिशोब जवळजवळ तोच येतो. म्हणजे दिवसरात्र अडीच किलोवॉटचा हीटर चालू. वर्षाला 22,000 युनिट. ब्रिटनची नियामक संस्था ऑफजेम हिने 2023 मध्ये सर्वसाधारण घराचा वर्षाचा गॅसवापर 11,500 युनिट धरला होता, त्यात सगळं घर तापवणं आणि अंघोळीचं पाणीही आलं. आपल्या मापात सांगायचं तर आपला 14.2 किलोचा लाल सिलिंडर आठवड्याला सव्वादोन.

आता गंमत अशी की हे यंत्र जन्माला आलं ते काटकसरीसाठी. गुस्ताफ डालेन हा स्वीडिश अभियंता. दीपगृहांचे गॅसचे दिवे आपोआप चालू-बंद व्हावेत म्हणून त्याने उजेड पडला की गॅस बंद करणारी झडप काढली होती. त्या कामासाठी 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात डोळे गेले. नोबेल घ्यायला भाऊ गेला. घरी पडून असताना बायको दिवसभर शेगडीपाशी राबते हे त्याच्या लक्षात आलं, अशी हकिगत सांगतात. 1922 मध्ये त्याने या शेगडीचं पेटंट घेतलं. आगा हे त्याच्या कंपनीच्या नावातल्या आद्याक्षरांवरून, आगाखानांशी संबंध नाही. (दीडशहाणे, नोंद घ्या.)

तत्त्व सोपं आहे: एक लहानशी भट्टी, तिच्याभोवती भरपूर बीड, त्याभोवती उष्णतारोधक भर. आग छोटी पण अखंड. उष्णता बिडात साठते आणि हवी तेव्हा वापरता येते. वरच्या ओव्हनमध्ये 220-240 सेल्सिअस, खालच्यात शंभराच्या थोडं वर. त्या काळच्या उघड्या कोळशाच्या चुलाण्यापुढे ही फारच मितव्ययी होती, आणि तशीच ती विकली गेली. पुढे जाहिरातक्षेत्रात नाव काढलेला डेव्हिड ओगिल्वी तरुणपणी स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा विकायचा. कंपनीने 1935 मध्ये त्याच्याकडून इतर विक्रेत्यांसाठी मार्गदर्शिका लिहून घेतली.

तेव्हा तुलना कोळशाच्या चुलाण्याशी होती. आता इंडक्शनशी आहे.

काठावर_पास | 9 ऑक्टोबर

आयर्लंडमधून. आम्ही कॉर्कजवळ भाड्याच्या घरात राहायचो, तिथे स्टॅनली रेंज होती, त्याच जातीची. स्वयंपाक बायको करायची, मी नाही, त्यामुळे पोळ्यांवर बोलत नाही. पण जिथे सलग तीन आठवडे ऊन पडत नाही तिथे त्या दांडीची किंमत विचारा. मोजे, लंगोट, गणवेश, सगळं तिथे वाळायचं. धुतलेल्या चादरी घडी घालून झाकणावर ठेवल्या की इस्त्री नको. मुलगी झाली तेव्हा रात्री अडीचला बाटली गरम करायला खाली उतरायचो आणि त्या दांडीला टेकून उभा राहायचो. त्या घरातलं मला दुसरं काही आठवत नाही.

मेंढपाळांच्या घरी अर्धमेलं कोकरू खालच्या ओव्हनच्या दारात ठेवून जगवतात, हे खरं आहे. शेजाऱ्यांकडे पाहिलंय. दार उघडं ठेवून, अर्थात.

दीडशहाणा | 9 ऑक्टोबर

म्हणजे हीटर, इस्त्री, वाळवणाची दोरी, दाई आणि गुरांचा दवाखाना. स्वयंपाकही होतो असं ऐकलं.

माईणमुळा | 9 ऑक्टोबर

हसा. पण हाच मुद्दा आहे. अभियंतासाहेब 425 युनिटं सगळी स्वयंपाकाच्या खात्यात लिहितायत. माझ्या स्वयंपाकघरात दुसरा हीटरच नाही. ऑक्टोबर ते एप्रिल ती उष्णता कुठे जाते? घरातच राहते.

अर्धवट_अभियंता | 9 ऑक्टोबर

थोडी धुराड्यातून जाते. बाकीची घरात राहते हे मान्य. पण जूनमध्ये?

माईणमुळा | 9 ऑक्टोबर

जूनमध्ये मी ती बंद करते. झालं समाधान?

खरं सांगते, 2022 च्या शरद ऋतूत गॅस युनिटला दहा पेन्सच्या वर गेला तेव्हा आठवड्याचे चाळीस पौंड, तेही दोन ओव्हनवाल्यांचे, असा हिशोब झाला. आमची तर मोठी. आमच्या गल्लीतल्या तिघींनी बंद केल्या, त्यातल्या दोघींच्या अजून बंदच आहेत, वर फुलदाण्या. मीही तेव्हा फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवली होती. स्वयंपाक एका प्लग लावायच्या इंडक्शनवर केला आणि काही बिघडलं नाही. जेवण चांगलंच होत होतं. पण मी दिवसभर स्वयंपाकघरात जायचेच नाही, एवढं लक्षात आलं.

डाळिंबी_उसळ | 10 ऑक्टोबर

हे जरा श्रीमंतांचे चोचले नाहीत का? आमच्या लंडनच्या फ्लॅटमध्ये 400 किलो ठेवले तर खालच्यांच्या डोक्यावर जातील. इथे खेड्यातल्या खात्यापित्या मध्यमवर्गाच्या सुखदुःखांच्या कादंबऱ्यांना नव्वदच्या दशकापासून 'आगा सागा' म्हणतात ते उगाच नाही.

सायसाखर | 10 ऑक्टोबर

डाळिंबी, चोचले असतीलही, पण घराबरोबर आलाय, मी विकत घ्यायला गेले नव्हते. नवा आगा एवढ्या पैशांत येतो की आपली जुनी मारुती बरी.

मुळाताई, भात जमला!! पोळ्या थेट बिडावर टाकल्या, पहिल्या दोन घाबरून करपवल्या, पुढच्या बऱ्या. दिवाळीनंतर सविस्तर लिहिते.

सायसाखर | 19 नोव्हेंबर

दिवाळीचा वृत्तांत. लाज सोडून लिहिते.

चौदा माणसं. मी सकाळी नऊला चकल्या तळायला घेतल्या. पहिला घाणा सुरेख. दुसरा ठीक. तिसऱ्याला तेलातले बुडबुडे मंदावले आणि चकल्या तेल प्यायल्या. झाकण दीड तास उघडं, साठा संपलेला. समोरच्या, साठलेली उष्णता दाखवणाऱ्या छोट्या काचेतली चंदेरी रेघ काळ्या खुणेवरून कधीच खाली गेली होती आणि मी तिकडे बघितलंच नव्हतं. पुढे शंकरपाळे, मग चौदा जणांच्या पुऱ्या... सगळं नवऱ्याने गॅरेजमधून आणलेल्या इंडक्शनवर. तो काही बोलला नाही. न बोलण्याची त्याची एक विशिष्ट पद्धत आहे.

पण त्याच दिवशी खालच्या ओव्हनमध्ये आदल्या रात्रीपासून बासुंदी होती. आणि मसालेभात. मटण सकाळी सातला ठेवलं होतं, एक वाजता झाकण काढलं तर हाडावरून आपोआप सुटत होतं. या तीन पदार्थांकडे मी दिवसभरात एकदाही बघितलं नाही. जे समोर उभं राहून करायचं त्यात तो फसला आणि जे सोडून द्यायचं त्यात त्याने मान राखला.

तेलाच्या टाकीचा हिशोब: पाच आठवड्यांत 200 लिटरच्या किंचित वर. अभियंता, तुमचे 40 बरोबर. आमच्याकडे लिटरला 65 पेन्स पडले, म्हणजे आठवड्याला 26 पौंड. पण स्वयंपाकघर आणि वरची खोली यांचे रेडिएटर अजून लावलेले नाहीत.

अर्धवट_अभियंता | 19 नोव्हेंबर

हिशोब टाकल्याबद्दल आभार. धाग्यावर प्रत्यक्ष टाकीत काठी घालून मोजणारं कोणीतरी निघालं. एक पर्याय सुचवतो: जुन्या बिडाच्या आगामधली तेलाची भट्टी काढून आत विजेची एलिमेंट बसवून देणारे लोक आहेत. ओव्हन आणि तवे वेगवेगळे चालू-बंद करता येतात. बाहेरून तसाच दिसतो. खर्च बराच आहे, पण तुमचा तळणाचा आणि जूनचा प्रश्न सुटेल. दर सहा महिन्यांनी तेलाचा बर्नर साफ करणंही संपेल.

माईणमुळा | 20 नोव्हेंबर

तळण त्यावर करायचंच नाही, हे मी सांगायला हवं होतं. माझी चूक. पुरणपोळीच्या दिवशीही मी इंडक्शन काढते.

निखारा | 20 नोव्हेंबर

विजेचा करून चालू-बंद करायचा, तर मग 400 किलो बीड कशाला? साधा ओव्हन घ्या. चूल ठेवायची तर चुलीसारखी ठेवा. माझं आपलं मत.

सायसाखर | 14 जानेवारी

निखाराभाऊ, तुमच्या वाक्यावर आमच्या घरात दोन संध्याकाळी वाद झाला.

मधल्या काळात श्रॉपशरमध्ये कोलब्रुकडेलला जाऊन आलो, घरापासून फार लांब नाही. 1709 मध्ये अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं ती भट्टी तिथे जपून ठेवली आहे. आगाचं बीडही पुढे त्याच गावात ओतलं जायचं. तो ओतकामाचा कारखाना नोव्हेंबर 2017 मध्ये बंद झाला. नवरा तिथे बराच वेळ कुंपणापाशी उभा होता. तो मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचं उद्यमनगरात फाउंड्रीचं काम, वितळलेल्या लोखंडाचा वास त्याला घरचा वाटतो. परतताना गाडीत म्हणाला, फोडायला नको ती.

(हो, त्याच्याही तोंडी आता 'ती' आहे.)

ठरलं ते असं. दसऱ्याच्या सुमाराला पेटवायची, एप्रिलअखेर विझवायची, उन्हाळ्यात साफसफाई. शेजारी दोन चुलींचं इंडक्शन कायमचं बसवतोय: तळण, फोडण्या आणि पाहुणे असतील तेव्हाच्या पोळ्या त्यावर. टाकी संपेपर्यंत तेल, मग विजेचं बघू. वर्षभर अखंड चालू ठेवायचं वचन मी आजीबाईंना दिलं नव्हतं, पण त्या गावातच राहतात, त्यामुळे मे महिन्यात धुराड्यातून धूर का नाही याचं उत्तर तयार ठेवतेय.

डाळिंबी_उसळ | 14 जानेवारी

फोटो???

सायसाखर | 3 मार्च

फोटो टाकलेत. झाकणावरचं मांजर आमचं नाही.

एक तातडीची शंका. पलीकडच्या शेतावर गाय व्यायली. चीक मिळेल का विचारलं तर शेतकरी दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. वासराचं पिऊन उरलेला दुसऱ्या दिवसाचा दीड लिटर देऊन गेलाय. खरवस खालच्या ओव्हनमध्ये होईल का, की कुकरच काढू?

माईणमुळा | 3 मार्च

होईल, आणि कुकरपेक्षा छान होईल. चिकात तेवढंच साधं दूध घाला, दुसऱ्या दिवसाचा असेल तर थोडं कमी. गोड करून, गाळून डब्यात ओता. खोल ट्रेमध्ये गरम पाणी, त्यात डबा, वर झाकण, आणि आत सरकवा. चाळीस मिनिटांनी सुरी घालून बघा, मग दर दहा मिनिटांनी. पाणी उकळत नाही म्हणून जाळी पडत नाही, रेशमासारखा लागतो. गूळ घाला, साखर नको.

निखारा | 3 मार्च

गूळ बरोबर. आणि वेलदोडा, जायफळ नाही.

काठावर_पास | 3 मार्च

गुळाने चीक फाटतो. आमच्याकडे कायम साखर आणि केशर.

माईणमुळा | 3 मार्च

गूळ गरम दुधात घातला तर फाटतो. गार चिकात विरघळवला तर नाही फाटत. आयर्लंडला जाऊन माणसं काय काय विसरतात.

सायसाखर | 3 मार्च

निम्मा गूळ, निम्मा साखर, दोन डबे आत गेलेत. फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे.

दीडशहाणा | 3 मार्च

गूळ विरुद्ध साखर यासाठी कृपया वेगळा धागा काढा. इथे आम्ही आगाखान पॅलेसवर बोलत होतो.